कंपनीचा जुना लॅपटॉप स्वस्तात मिळतोय? आधी कुलूप कुणाचं आहे ते बघा

पुण्या-मुंबईत कंपनीत असलेली आपली पोरं नोकरी सोडताना कंपनीचा वापरलेला लॅपटॉप कमी पैशात घेऊन येतात. काही जण तालुक्याच्या दुकानातून असाच सेकंड हँड माल आणतात. मशीन दणकट असतं, पण चालू केलं की पासवर्ड मागतं, नाहीतर स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं आणि तिथलाच ईमेल टाका म्हणतं.

नुसता विंडोजचा पासवर्ड असेल तर घाबरायचं कारण नाही. पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्यानं टाकलं की तो जातो. बिटलॉकर असेल तर 48 आकडी की मागतो. ती नसली तर आतल्या फायली उघडत नाहीत, पण त्या कंपनीच्याच, आपल्याला काय करायच्यात? डिस्क पुसायची आणि मोकळं व्हायचं.

खरी गोची पुढं आहे. बायोसला पासवर्ड असेल तर मशीन पेन ड्राइव्हवरून चालूच होऊ देत नाही. नव्या बिझनेस मॉडेलात आतला सेल काढूनही तो सहसा जात नाही. दुसरं म्हणजे ऑटोपायलट. यात त्या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर कंपनीच्या नावानं नोंदलेली असते. फॉरमॅट मारा, हार्ड डिस्क बदला, सेटअप करताना नेट जोडलं की पुन्हा कंपनीचंच पान हजर. जमिनीचा ताबा मिळाला पण सातबाऱ्यावर नाव जुन्याचंच, तसला हा प्रकार.

काही दुकानदार नेट न जोडता सेटअप करून देतात. काम चालतं, पण नोंद तशीच राहते. उद्या विंडोज परत टाकायची वेळ आली की तेच पान पुढ्यात.

ही नोंद काढायची तर कंपनीच्या आयटी विभागालाच सांगावं लागतं. लॅपटॉपच्या खाली सिरीयल नंबर असतो, तो द्यायचा आणि ऑटोपायलटमधून मशीन काढा, बायोसचा पासवर्डही काढा, असं मेलवर स्पष्ट लिहायचं. दोन्ही लिहा, एक राहून जातं. नोकरी सोडणाऱ्या पोरानं तर हे शेवटच्या दिवसाआधीच उरकावं, नंतर फोन कोण उचलतंय! सोबत बिल किंवा कंपनीचं पत्र घ्या, त्यावर तोच सिरीयल नंबर पाहिजे.

कागद नसेल तर स्वस्त असला तरी घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असूनही तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुकानात पैसे देण्याआधी मशीन समोरच रीसेट करायला लावा आणि सेटअपच्या वेळी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. कंपनीचं नाव आलं तर तिथंच ठेवून या. दुकानदार आढेवेढे घेत असेल तरी तेच करा. प्रोसेसरही विचारा. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना असेल तर भाव पाडून मागा. पोरांच्या अभ्यासापुरतं लिनक्स टाकून चालवता येतो, ते फुकट आहे.