वेबकॅमवर चेहरा धूसर? ड्रायव्हर शोधण्याआधी लेन्स पाहा

पुणे : बिबवेवाडीत विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या परिसरात भाड्याने फ्लॅट घेणारे विद्यार्थी बरेच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ऑनलाइन नोंदणीत घरमालक आणि भाडेकरूचा फोटो वेबकॅमवर, अंगठा स्कॅनरवर घेतला जातो. हाच फोटो दस्तावर छापला जातो. तो धूसर आला की हमखास सल्ला मिळतो, ‘ड्रायव्हर टाका.’ पण दोष तिथेच असतो का?

लेन्सचे काम काय?

स्वस्त वेबकॅमचा फोकस कारखान्यातच पक्का केलेला असतो. समजा तो अशा बेताने १ मीटरवर ठेवला, की अर्ध्या मीटरपासून पुढचे सगळे पुरेसे स्पष्ट दिसेल. मग चेहरा नीट येतो, पण १५ सेंटिमीटरवर धरलेले आधार कार्ड वाचता येत नाही. हा प्रकाशशास्त्राचा हिशेब आहे. कोणताही ड्रायव्हर तो बदलू शकत नाही. काही वेबकॅमची लेन्सभोवतीची कडी हाताने फिरवून फोकस जुळवता येतो.

मेगापिक्सेलचा आकडा

१०८०पी म्हणजे १९२० × १०८०, साधारण २१ लाख पिक्सेल, अर्थात २ मेगापिक्सेल. स्वस्त वेबकॅमच्या खोक्यावर ‘२५ मेगापिक्सेल’ छापलेले असेल, तर तो आकडा बहुधा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो.

मग ड्रायव्हर कशासाठी?

२००३ मध्ये ‘यूएसबी व्हिडिओ क्लास’ हे मानक आले. ते पाळणाऱ्या वेबकॅमचा ड्रायव्हर विंडोज, मॅकओएस आणि लिनक्समध्ये आधीपासूनच असतो. केबल जोडली की काम सुरू. प्रकाश, रंग यांचे नियंत्रण मात्र ड्रायव्हरमार्फत होते. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील, तर कॅमेरा सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५० हर्ट्झ निवडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे.

अंगठ्याच्या स्कॅनरचे गणित वेगळे. त्याला कंपनीचा ड्रायव्हर आणि आधारसाठीची ‘आरडी सर्व्हिस’ लागते.

आधी हे करा

- लेन्स मऊ, कोरड्या कापडाने पुसा.
- खिडकी पाठीमागे नको, समोर हवी.
- कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर बसा.
- लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये जोडून पाहा.
- तरीही ड्रायव्हर लागलाच, तर तो कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. ‘फ्री ड्रायव्हर’ देणाऱ्या अनोळखी साइटवरून व्हायरस येऊ शकतो, आणि त्याच लॅपटॉपवर दोन्ही पक्षांचा आधार तपशील भरायचा असतो.