किती वेळ थांबता येईल?

मागचं चाक काढून रॅम्पवर चढवलेली मोटरसायकल गॅरेजवाल्याला फार महागात पडते. काम अर्धवट, गिऱ्हाईक बाकड्यावर ताटकळलेलं आणि रॅम्प अडलेला. छोट्या गॅरेजात रॅम्प एक, फार तर दोन. तो तासभर अडला की सर्व्हिसिंगच्या पुढच्या गाड्या संध्याकाळवर जातात आणि संध्याकाळच्या उद्यावर. म्हणून तेलकट हातांनी मेकॅनिक फोन लावतो तेव्हा भावाची घासाघीस नंतर होते. आधी ‘आहे का?’ आणि पाठोपाठ ‘कधी येईल?’

पुण्याच्या नाना पेठेतला सुट्या भागांचा बाजार या दोन प्रश्नांवर चालतो. क्वार्टर गेटकडून आत शिरलं की अरुंद तोंडाची, खोलवर गेलेली दुकानं एकमेकांना खेटून उभी दिसतात. बाहेर टांगलेले मडगार्ड, सीट कव्हर आणि वायझर. आत छतापर्यंत खोके. अशाच एका घाऊक दुकानदारांनी मला गल्ल्याशेजारी बसायला स्टूल दिलं, पुढे गोदामातही मोकळेपणी फिरू दिलं. हजारो वस्तूंमधली नेमकी एक यांना क्षणात कशी सापडते, हे बघायला मी गेलो होतो. सापडण्याचं कोडं लवकर सुटलं. वस्तू कुठे ठेवायची, हे ठरवण्यात जास्त डोकं लागतं.

आधी काउंटरवरचं बघू. सकाळी साडेदहाला फोन वाजला.

“शेठ, शाइनचा एअर फिल्टर पाठवा.”

“बीएस फोर का सिक्स?”

“गाडी वीसची आहे म्हणतो.”

“वीसची म्हणजे करोनाच्या आधीची का नंतरची?”

पलीकडे गिऱ्हाइकाशी कुजबुज झाली. “त्याला आठवत नाही.”

“मग जुना फिल्टर काढ आणि नंबर दिसेल असा फोटो टाक.”

प्रश्न चेष्टेचा वाटला तरी हिशेबाचा होता. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस सिक्स हे धुराच्या प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि बहुतेक दुचाकींमधून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. नव्या गाड्या त्याच्या काही महिने आधीपासून शोरूममध्ये येऊ लागल्या होत्या, त्यामुळे नुसत्या सालावर भरवसा ठेवता येत नाही. त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं होतं. टाकीवरचं नाव तेच राहिलं, पण आतले भाग बदलले. ज्या गाडीसाठी पूर्वी एक खण पुरायचा तिला आता तीन-चार लागतात: ड्रमवाली, डिस्कवाली, कार्बोरेटरवाली, इंजेक्शनवाली. गाड्यांची नावं फारशी वाढली नसली, तरी दुकानातली गर्दी यामुळे वाढली.

फोटो आला. ग्रीसने माखलेला अंगठा, त्याखाली अर्धा पुसलेला नंबर. काउंटरवरच्या माणसाला तेवढा पुरला, कारण या नंबरांना व्याकरण असतं. होंडाच्या नंबरातले पहिले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात, मधली तीन अक्षरं मॉडेलची आणि शेवटची प्रकाराची. १५४०० ने सुरू झालं की होंडाच्या कारचा ऑइल फिल्टर, १६५१० ने सुरू झालं की सुझुकीचा. मुरलेला माणूस मधली अक्षरं वाचून गाडी सांगतो. बेअरिंगचं तर त्याहून सोपं, कारण तिथे सगळ्या कंपन्या एकच भाषा बोलतात. ६२०१ चं भोक १२ मिलिमीटर, ६२०२ चं १५, ६२०३ चं १७ आणि ६२०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं. नंबर पार झिजला असेल, तर मेकॅनिक जुनं बेअरिंगच सॅम्पल म्हणून पाठवतो आणि काउंटरवर व्हर्नियर निघतो.

वस्तू ओळखली की ती कुठून काढायची हा प्रश्न येतो. दुकानाचा आराखडा कंपनीवार असेल, एका भिंतीला बजाज, दुसरीला हिरो, अशी माझी समजूत होती. ती वरवरची वाटणी आहे. खरी वाटणी आहे ‘गाडी उभी’ आणि ‘गाडी चालू’ अशी. क्लच केबल तुटली की गाडी उभी. स्पार्क प्लग गेला, गाडी उभी. याउलट बाजूचं पॅनेल तडकलं, आरसा फुटला, सीट फाटली तरी गाडी चालू राहते आणि मालक आठवडाभर थांबतो. किमतीचा इथे संबंध नाही. स्वस्तातली केबल हाताशी लागते, तिच्या कित्येक पट महागडं रंगीत पॅनेल कंपनीकडून मागवून दिलं तरी चालतं. त्यात पॅनेल प्रत्येक रंगात ठेवायचं म्हटलं तर एका गाडीने अख्खी भिंत खाल्ली असती.

यातून थांबण्याची एक उतरंड तयार होते. काउंटरवरून हात पोचेल तिथे ब्रेक शू, केबल, प्लग, बल्ब, एअर फिल्टर. डोक्यावरच्या पोटमाळ्यावर चेन किट, क्लच प्लेट, फोर्कचे ऑइल सील. खालून आवाज दिला की वरचा तरुण खोका अलगद खाली सोडतो आणि खालचा न बघता झेलतो. ब्लॉक-पिस्टन किट, मडगार्ड, सायलेन्सर फुरसुंगीच्या गोदामात. ते अर्ध्या दिवसात येतात. त्याच्याही मागे वितरक, मग कंपनीचा डेपो. प्रत्येक पायरीवर जागेचं भाडं कमी आणि थांबण्याचा वेळ जास्त. पेठेतल्या महाग जागेत काय ठेवायचं, याचा निर्णय म्हणजे कुणाला थांबवायचं याचाच निर्णय.

फुरसुंगीचं गोदाम ही पत्र्याची मोठी शेड. लोखंडी रॅकच्या रांगा आणि प्रत्येक खणावर पत्ता: रांग, रॅक, फळी, खण. गोदाम सांभाळणाऱ्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. त्यांनी मला दोन खण दाखवले. एकात डाव्या बाजूचे इंडिकेटर, दुसरा पाच-सहा रॅक ओलांडून, त्यात उजव्या बाजूचे. एकत्र का नाही, असं विचारलं तर म्हणाले, “दिसायला सारखे असतील ते लांब ठेवायचे. जुळ्यांना एका बाकावर बसवलं की मास्तर चुकतोच.” घरातली मांडणी सारख्याला सारखं लावते, गोदामात चूक टाळायची असेल तर उलट करावं लागतं. दोन मॉडेलच्या क्लच केबल, ज्यांच्या लांबीत बोटभर फरक, त्यांच्यामध्ये मुद्दाम ऑइलचे डबे. हात चुकीच्या खणात गेलाच, तरी चूक तिथल्या तिथे डोळ्यांना दिसते.

मालाचे स्वभावही सांभाळावे लागतात. जड वस्तू खाली, काच आणि वायझर वर, हे कुणालाही सुचेल. ऑइल सील खिळ्याला अडकवायचे नाहीत, कारण त्यांच्या रबरी ओठाला कायमचा वाक येतो आणि बसवल्यावर तिथूनच तेल गळतं. पॅकिंग आडवी, सपाट. स्कूटरचे बेल्ट आणि केबल मोठ्या वेटोळ्यात, कुठेही घडी नाही. टायर उभे, उन्हापासून दूर. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं म्हणून त्याचा एकही डबा उघडा राहता कामा नये. बॅटरी पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते, म्हणून आधी आलेली आधी बाहेर. मामा नवी खेप मागे सरकवतात आणि जुनी पुढे ओढतात. हे काम त्यांना कुणी सांगत नाही आणि त्यात कधी खंडही पडत नाही.

दुपारी दोननंतर गोदामाचा वेग वाढतो. सेल्समन ‘लाइन’वर असतात: एक दिवस सासवड-जेजुरी, एक दिवस शिरूर, एक दिवस दौंड. ते दुकानादुकानातून ऑर्डर मोबाइलवर टाकतात आणि इथे यादी छापून निघते. यादीचा क्रम गिऱ्हाइकाने सांगितलेला नसतो, रॅकचा असतो. माणूस पहिल्या रांगेतून शिरतो, नागमोडी चालत शेवटच्या रांगेतून बाहेर पडतो, एकदा गेलेल्या ठिकाणी परत जात नाही. ज्याने माल काढला त्याने तो बांधायचा नाही, हाही नियम. दुसरा माणूस नंबर मोठ्याने वाचतो, खूण करतो, मगच खोका भरला जातो. तळाला चेन किट आणि बेअरिंग, मध्ये फिल्टर, वर काच. खोके बहुतेक जुनेच, ऑइलच्या कंपनीचं नाव मार्करने खोडलेले. मग चिकटपट्टी, वरून सुतळी, आणि चारही बाजूंना गावाचं नाव. एकाच बाजूला लिहिलं तर टपावर नेमकी तीच बाजू खाली जाते.

शहरातला माल दुचाकीवरून जातो, सकाळी अकराची फेरी आणि दुपारी चारची. रॅम्प अडलेल्यासाठी मधेच एखादी फेरी निघते, पण ती शेठ स्वतःच ठरवतात; प्रत्येक हाकेला माणूस धाडला तर नफा पेट्रोलमध्ये जातो. गावांकडच्या मालाला छोटा हत्ती, लाइनचे टेम्पो, खासगी बस आणि एसटीचं पार्सल. सातारा, बारामतीकडचं स्वारगेटला, नगर आणि मराठवाड्याकडचं शिवाजीनगरला. मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं स्थानक वाकडेवाडीला हलवलं, तेव्हा गोदामात त्या गाड्यांच्या मालाची बांधाबांध आधी उरकायला लागली. बस कुठून सुटते यावर खोका किती वाजता बंद व्हायचा ते ठरतं. संध्याकाळी सहाला चिकटपट्टीचा आवाज थांबतो. सहा वाजून पाच मिनिटांनी आलेली ऑर्डर उद्याची. कागदपत्रांचा ताप त्यामानाने कमी. राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंतच्या खेपेला ई-वे बिल लागत नाही आणि तालुक्याच्या दुकानाची ऑर्डर सहसा त्याच्या आत बसते.

वर्षाचंही वेळापत्रक आहे. पहिल्या पावसात ब्रेक शू, प्लग कॅप आणि हॉर्न. दिवाळीच्या पुढे साखर कारखाने सुरू झाले की बारामती-इंदापूर लाइनवरून ट्रॉलीची बेअरिंग. ज्येष्ठात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा बाजार दारातच अडतो, कारण तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि ज्ञानेश्वर माउलींची शेजारच्या भवानी पेठेत उतरते. निघाल्यावर एक दिवे घाटाने सासवडला जाते, दुसरी लोणी काळभोरकडे. म्हणजे पेठ बंद आणि दोन लाइनही बंद. त्या दोन रस्त्यांवरच्या दुकानांना आठवडाभर आधी दुप्पट माल जातो. तारीख पंचांगात असते, त्यामुळे धावपळ होत नाही.

गोदामं शहराबाहेर जाण्यामागे रस्त्यांइतकाच करांचा हात आहे. पुण्यात २०१३ पर्यंत जकात होती. हद्दीच्या आत काय आणायचं आणि बाहेर काय ठेवायचं, याला त्या काळी वेगळं गणित होतं. कंपन्याही केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी राज्याराज्यात डेपो ठेवत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि डेपो करासाठी ठेवायची गरज संपली. आता तो कुठे हवा हे माल किती तासांत पोचतो यावर ठरू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के दर झाला, तेव्हा एकाच बिलावर २८ आणि १८ असे दोन दर लावायची कटकटही गेली.

संध्याकाळी परत येणारा टेम्पो रिकामा नसतो. जुन्या बॅटऱ्या, वॉरंटीचे भाग, चुकून गेलेला माल. काउंटरवर ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी आहेच, कारण एकदा गाडीला जोडलेला रेग्युलेटर परत विकता येत नाही. आणि एक माल असा, जो कुठेच जात नाही. जुन्या चेतकचे भाग मामांच्या शेवटच्या रॅकवर आहेत. १९७२ मध्ये आलेली ही स्कूटर पुढे बंद झाली, नाव आता विजेच्या स्कूटरला मिळालं. एरवी गिऱ्हाईक मालासाठी थांबतं, इथे माल गिऱ्हाइकासाठी थांबतो. शेठ तो भंगारात देत नाहीत, पण त्यासाठी नवा पैसाही घालत नाहीत. अधूनमधून लांबून एखादा हौशी येतो आणि मागेल त्या भावाने घेऊन जातो.

पुढच्या महिन्यात काय मागवायचं, हे ठरवायला संगणकावर विक्रीचा तक्ता असतो. तरी गल्ल्याखाली एक लांबट वही आहे. फोनवर ‘नाही’ म्हणावं लागलं की त्या वहीत ओळ पडते: तारीख, भाग, गाडी. विकलेला माल संगणकाला आपोआप कळतो. परत पाठवलेलं गिऱ्हाईक कळत नाही. एका महिन्यात एकाच वस्तूला तीनदा ‘नाही’ म्हटलं गेलं, तर तिला खण द्यायचा, असा शेठचा नियम. पण शेड वाढत नाही. एकाला खण दिला की दुसऱ्याचा जातो.

मी गेलो त्या महिन्यात वहीत ऑक्सिजन सेन्सर पुन्हा पुन्हा आला होता, बीएस सिक्स गाड्यांचा. त्याला पेठेतल्या दुकानात जागा मिळाली आणि कार्बोरेटर रिपेअर किटचे दोन खण फुरसुंगीला निघाले. मामांनी तिथल्या रॅकवर नवं लेबल लावलं. हा माल आता विकत नाही का, असं मी विचारलं.

“विकतो की,” ते म्हणाले. “पण सेन्सरवाल्याची गाडी नवी, तो तासभर थांबत नाही. कार्बोरेटरवाल्याला सवय झालीय. तो संध्याकाळपर्यंत थांबतो.”