धुळीतले मेलेले जिवाणू

सुटीनंतर पहिल्याच पाळीला सूतगिरणीत छाती आवळते, खोकला येतो. सगळे सरसकट ‘धुळीची ॲलर्जी’ म्हणतात. बहुधा ती नसते. ॲलर्जीत शरीराने एखादा पदार्थ आधीच शत्रू ठरवलेला असतो. इथे कापसातल्या पाना-देठांच्या कचऱ्यावर वाढलेले जिवाणू त्रास देतात, तेही मेल्यावर. त्यांच्या आवरणाचा दाहक अंश (एंडोटॉक्सिन) पिंजताना धुळीसोबत श्वासात जातो, श्वासनलिका सुजवतो. मिरची कुटताना ठसका कुणालाही लागतो, तसंच हे. जंतुसंसर्ग नसल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नाही. सुरुवातीला आठवडा सरता सरता त्रास ओसरतो, म्हणून दुर्लक्ष होतं, आणि इथेच घात होतो: वर्षानुवर्षं धूळ जात राहिली तर दमा-खोकला कायमचा जडतो (बिसिनोसिस). रुमाल पुरत नाही; धूळ यंत्रापाशीच ओढून घ्यायला हवी.