पुढचा दात गेल्यावर : पर्याय आणि हिशेब

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके. येथील अनेक मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. खेळताना पडणे, झाडावरून घसरणे, हापशाचा दांडा तोंडावर आपटणे अशा कारणांनी वरचा पटाशीचा दात तुटतो किंवा निखळून पडतो. अशा वेळी आईवडील गावी असतात, किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामावर दूर गेलेले असतात. म्हणजे जवळ असलेली पहिली जाणती व्यक्ती शिक्षक हीच असते.

दाढ गेली तर कुणाला दिसत नाही. पुढचा दात गेला की मूल ओठ मिटून बोलू लागते, वर्गात मोठ्याने वाचायला उभे राहत नाही. उच्चारही बदलतात. 'त', 'द' किंवा 'चाक', 'जग' हे शब्द म्हणून पाहा. जिभेचे टोक कोठे टेकते ते लगेच लक्षात येईल. म्हणून हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. परवडेल असा कोणता उपाय करावा हे तीन गोष्टींवर ठरते : दाताचे काय शिल्लक आहे, मुलाचे वय काय आणि दवाखान्यात किती खेपा घालता येतील.

पहिला तास

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दात निखळतो तेव्हा या थरातील जिवंत पेशी मुळाला चिकटून बाहेर येतात. त्या जगल्या तर दात पुन्हा रुजू शकतो. कोरड्या हवेत तासाभरात त्या बहुतेक मरतात.

म्हणून पक्का दात निखळला तर तो वरच्या भागाला धरून उचलावा. मुळाला हात लावू नये, ते घासू तर मुळीच नये. माती लागली असल्यास काही क्षण हळूच धुऊन दात त्याच खाचेत बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमालावर दात मिटून धरायला सांगावे. हे जमले नाही तर दात थंड दुधात ठेवावा; दूध नसेल तर वाटीत मुलाचीच थुंकी घेऊन तीत ठेवावा. साध्या पाण्यात ठेवू नये. पाण्यात टाकलेले बेदाणे परासरणाने फुगतात हा प्रयोग आपण वर्गात करतो. पेशीही तशाच फुगतात आणि फुटतात. यानंतर शक्य तितक्या लवकर दंतवैद्य गाठावा. उशीर झाला तरी दात फेकू नये. असा दात काही वर्षे जरी टिकला तरी तेवढा काळ हाडाची उंची राखतो.

दोन अपवाद लक्षात ठेवावेत. दुधाचा दात परत बसवायचा नसतो; त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. वरचे पक्के मधले दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. दुसरे म्हणजे मूल बेशुद्ध झाले किंवा त्याला उलट्या झाल्या तर आधी डोक्याचा मार तपासून घ्यावा, दात नंतर.

तुकडा तुटला असेल तर

तुटलेला तुकडा सापडला तर तो ओला ठेवून सोबत न्यावा. तो पुन्हा चिकटवता येतो. यामागचा शोध १९५५ मधला आहे. मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकन दंतशास्त्रज्ञाने एनॅमलला काही सेकंद फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले. एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. आम्लाने त्यातील थोडे खनिज विरघळून पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांत पातळ राळ शिरून कठीण झाली की ती घट्ट अडकते. आज दातरंगी 'कॉम्पोझिट' याच तत्त्वावर बसवतात आणि निळ्या प्रकाशाने कठीण करतात. बहुधा एका खेपेत काम होते आणि खर्चही कमी येतो.

तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसत असेल तर आतील मज्जा उघडी पडली आहे. अशा वेळी एक-दोन दिवसांत उपचार झाले, तर लहान वयात ती बहुधा वाचवता येते. मार लागून महिन्यांनी दात काळा पडला तरी तो उपटण्याची घाई करू नये. रूट कॅनॉल करून, गरज पडल्यास कॅप घालून, तो वापरात ठेवता येतो. स्वतःचे मूळ शाबूत राखणे हाच बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त पर्याय असतो.

दात गेलाच असेल तर

पहिला पर्याय काढता-घालता येणारा ॲक्रिलिकचा दात, म्हणजे छोटी कवळी. खर्च साधारण शेकड्यांत किंवा हजार-दोन हजारांत. शेजारचे दात कापावे लागत नाहीत आणि जबडा वाढला की नवी करता येते, म्हणून वाढत्या मुलांना ती सोयीची. मात्र ती रात्री काढून पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात टाकल्यास वाकते. ढिली झाली तर वापरू नये. चुकून गिळली गेल्यास साधे ॲक्रिलिक क्ष-किरण चित्रात दिसत नाही.

दुसरा पर्याय चिकटवलेला ब्रिज. कृत्रिम दाताला मागून एक पातळ पंख असतो आणि तो शेजारच्या दाताच्या पाठीला राळेने चिकटवतात. रोशेट यांनी १९७३ मध्ये सच्छिद्र धातूचा पंख वापरला. पुढे अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात त्यात सुधारणा झाली. पूर्वी दोन्ही बाजूंना पंख लावत. पण प्रत्येक दात आपल्या तंतुथरात स्वतंत्रपणे किंचित हलतो. त्यामुळे एक पंख सुटे, दुसऱ्यावर दात टिकून राही आणि सुटलेल्या पंखाखाली नकळत कीड लागे. पुढच्या दातासाठी आता एकच पंख पसंत करतात. खर्च काही हजारांत. शेजारचा दात निरोगी हवा आणि चावा फार खोल नसावा. ब्रिज सुटला तर बहुधा पुन्हा चिकटवता येतो.

तिसरा नेहमीचा ब्रिज. यात दोन्ही शेजारचे दात कापून त्यांवर कॅप घालतात. पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातील सुमारे दोन तृतीयांश भाग जातो. कोवळ्या वयात मज्जा मोठी असते, त्यामुळे धोका अधिक. एका दातासाठी दोन चांगले दात खर्ची घालण्यापूर्वी विचार करावा.

चौथा इम्प्लांट. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांत आढळले की टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले. खर्च दहा हजारांच्या पटीत. पण हाडाशी जुळलेला हा दात जबड्याबरोबर खाली सरकत नाही. म्हणून वाढ पूर्ण होण्यापूर्वी तो बसवला तर काही वर्षांत शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसतो. चौदा वर्षांच्या मुलासाठी पैसे असले तरी हा पर्याय योग्य नाही.

बाजारात तासाभरात 'पक्का' दात बसवून देणारेही भेटतात. तार आणि जागेवरच घट्ट होणारे ॲक्रिलिक वापरून ते कृत्रिम दात शेजारच्या दातांना जखडतात. ही जागा साफ करता येत नाही. अन्न साचते, हिरडी सुजते, हाड झिजते आणि चांगले दात हलू लागतात. नोंदणी नसलेल्या माणसाकडून असे काम करून घेऊ नये.

खर्चाचा खरा हिशेब

मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय व नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तसेच नाशिकला पंचवटीतील दंत महाविद्यालय येथे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. शुल्क कमी असते, पण खेपा जास्त पडू शकतात. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. समजा, नाशिकच्या एका खेपेला दोघांचे भाडे, जेवण आणि पालकाची बुडालेली मजुरी मिळून ९०० रुपये लागतात. शुल्क ८०० आणि पाच खेपा धरल्या तर एकूण ५,३०० रुपये. जवळच्या दवाखान्यात शुल्क ३,५०० आणि ५०० रुपयांच्या दोन खेपा धरल्या तर ४,५०० रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत; रीत महत्त्वाची. त्यात दात किती वर्षे टिकेल तेही धरावे. आठवी-नववीचे विद्यार्थी हे कोष्टक स्वतः मांडू शकतील.

शाळेने आधीच काही तयारी ठेवावी. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी भेटतात, हे चौकशी करून फलकावर लिहावे. शाळेतील आरोग्य तपासणीत दातांचीही नोंद करून घ्यावी. आणि कोणताही उपचार ठरवताना दंतवैद्यास चार प्रश्न विचारावेत : शेजारचे दात कापावे लागतील का? किती खेपा? बिघडल्यास दुरुस्ती कोठे होईल? वाढ पूर्ण झाल्यावर दुसरा पर्याय खुला राहील का? मुलासाठी चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तोच उपाय बहुधा निवडावा.