कपाशीच्या पातीतील जोडीदारांचा शोध

गुरुकुंज मोझरीच्या शिवारात कपाशीला पाती लागते, तेव्हा त्या कोवळ्या कळीच्या परागकोशात अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे पेशीविभाजन, घडते आणि देशी कपाशीच्या 26 गुणसूत्रांपैकी प्रत्येकाला आपला जोडीदार गाठावा लागतो. या शोधात केंद्रकाचे दुपदरी आवरण नुसते कुंपण राहत नाही. गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, त्याच्या आतल्या पदराला चिकटतात, तेथील ‘सन’ प्रथिने बाहेरच्या पदरातील ‘कॅश’ प्रथिनांशी जोडलेली असतात आणि पेशीद्रवातील तंतूंची ओढ या दुव्यातून आत पोचून टोकांना आवरणावरून सरकवते. मक्याच्या जिवंत पेशींत ही विलक्षण हालचाल प्रत्यक्ष पाहिली गेली आहे. देशी आणि 52 गुणसूत्रांच्या अमेरिकन कपाशीच्या संकरात मात्र 39 गुणसूत्रे येतात, सर्वांना जोडीदार मिळत नाही आणि झाड बहुधा वांझ राहते.