ओव्हनमधील मूर्तिकला : पॉलिमर मातीची तोंडओळख

माती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कुंभाराचे चाक उभे राहते, नाहीतर पेणच्या गणपतींसाठी मळलेला शाडू. आज ज्या मातीविषयी आम्ही चार शब्द सांगणार आहोत ती या अर्थाने माती नव्हेच. तिच्यात पाण्याचा थेंब नसतो. आपल्या घरच्या नळाचे पाइप ज्या पी.व्ही.सी. प्लॅस्टिकचे असतात, त्याचीच अतिशय बारीक पूड एका तेलकट द्रव्यात कालवून, त्यात रंग आणि भरीची पूड घालून हा गोळा तयार करतात. त्या तेलकट द्रव्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात.

हिचा जन्मही एका बाहुलीच्या घरातलाच. जर्मनीत कॅथे क्रुझे या बाहुल्या करणाऱ्या प्रसिद्ध बाई होऊन गेल्या. त्यांची मुलगी फिफी रेबिंडर हिने बाहुल्यांची डोकी करण्याच्या खटपटीत असे एक द्रव्य हाताळले व पुढे ते ‘फिफी मोझाइक’ या नावाने विकले. १९६४ साली एबरहार्ड फाबर या पेन्सिलवाल्या कंपनीने ते घेतले आणि त्यातून ‘फिमो’ निघाले. अमेरिकेतील ‘स्कल्पी’ची गोष्ट तर याहून गमतीची आहे. विद्युत ट्रान्सफॉर्मरमधील उष्णता वाहून नेण्यासाठी म्हणून ते द्रव्य बनविले होते. त्या कामाला ते नालायक ठरले, आणि खेळता खेळता कोणाच्या तरी बोटांना त्याचा खरा उपयोग सापडला.

शाडूची सवय असलेला हात या मातीशी पहिल्याच दिवशी भांडतो. शाडू कोरडा पडला की आपण पाण्याचा हात लावतो. इथे पाणी लावाल तर थर एकमेकांना चिकटणारच नाहीत. शाडू वाऱ्यावर सुकतो. ही माती महिनाभर ताटात राहिली तरी मऊच राहील. ती सुकत नाही, ती शिजते. साबुदाणा पाणी पिऊन फुगतो आणि शिजल्यावर एकजीव होतो ना, काहीसे तसेच इथे घडते. उष्णतेने प्लॅस्टिकचा कण न् कण ते तेलकट द्रव्य पितो, फुगतो व शेजारच्या कणाशी सांधला जातो.

हे एवढे ध्यानात आले की पुढची निम्मी चूकभूल टळते. कारण नवशिक्याचा घात बहुधा बोटांत होत नाही, ओव्हनमध्ये होतो. पुष्कळ मंडळी हौसेने एखादे ससुले करतात, भाजतात, आठवड्याने त्याचा कान हातात येतो, आणि ‘आपल्या हाताला कला नाही’ असा निकाल देऊन उरलेली माती माळ्यावर टाकतात. हा निकाल अन्यायाचा आहे. कान मोडला तो कच्चा राहिला म्हणून. कमी उष्णतेवर माती वरून घट्ट लागते, पण आतले कण सांधलेले नसतात. आणि उष्णतेची उणीव वेळ वाढवून भरून निघत नाही. फिमोच्या वेष्टनावर ११० अंश सेल्सिअस व अर्धा तास असे लिहिलेले असते, तर स्कल्पीला सुमारे १३० अंश आणि दर सहा मिलिमीटर जाडीला पंधरा मिनिटे. ज्या मातीचे वेष्टन, तिचाच आकडा पाळावा.

परंतु घरच्या छोट्या ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नये. त्यावर १३० असले तरी आत १५० असू शकते. म्हणून ओव्हनमध्ये ठेवण्याचा एक साधा तापमापक घ्यावा. आमच्या मते पहिला खर्च हत्यारांवर न करता यावरच करावा. ओव्हन आधी तापवावा, वस्तू गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर ठेवावी आणि वरून ॲल्युमिनियमच्या कागदाचा तंबू करावा, म्हणजे वरच्या तारांच्या धगीने पांढरा रंग तपकिरी होत नाही. सोबत दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी भाजावी. थंड झाल्यावर ती न तुटता वाकली तर भाजणी साधली. अगदी साध्या, स्वस्त जातीची माती मात्र नीट भाजूनही ठिसूळच राहते. तिला ही परीक्षा लावू नये. मायक्रोवेव्हच्या लहरींवर ही माती भाजू नये.

एक गोष्ट गंभीरपणे सांगावयाची आहे. उष्णता १७५ अंशांच्या पुढे गेली की ही माती करपू लागते आणि हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू सोडते. तो डोळ्यांना व घशाला झोंबतो. दमेकऱ्याला तर फारच. तसा वास आल्यास ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांनी बाहेर जावे. मुलांना भाजणीजवळ एकटे ठेवू नये. मातीला लावलेले लाटणे पुन्हा पोळ्यांना घेऊ नये.

आता पहिले काम. आम्ही लिंबाएवढे डोके सुचवितो. ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून, दाबून त्याचा घट्ट गोळा करावा. त्यामुळे माती वाचते, आणि भरीव गोळ्यासारखे ते भाजताना तडकत नाही. माती दहा मिनिटे मळून, लांबवून तोडली असता लगेच तुटत नाही इतकी लवचीक करावी, व तिचा अर्ध्या सेंटिमीटरचा थर गोळ्यावर हवा न अडकवता चढवावा. डोळे कवटीच्या बरोबर मध्यावर येतात. नवशिक्या ते हमखास वर चढवितो, म्हणून चेहरा माकडाचा होतो. दात कोरण्याची काडी, विणकामाची सुई, जुना दातांचा ब्रश, एवढी हत्यारे पुरेत. चैत्र-वैशाखात माती लोण्यासारखी होते. दहा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवली की पुन्हा ताळ्यावर येते. उन्हाच्या खिडकीत मात्र ती कधी ठेवू नये.

या मातीची मोठी सोय अशी, की भाजलेल्या वस्तूवर नवी माती चढवून ती पुन्हा भाजता येते. आधी डोके, मग कान, मग केस, असे निवांत जाता येते. रंग ॲक्रिलिकचे लावावेत. नखांना लावायचा रंग आणि पुष्कळ फवारे यांनी पृष्ठभाग चिकट होतो व तसाच राहतो.

आणि गणपतीचे काय, असे कोणी विचारील. देव्हाऱ्यात किंवा कपाटात कायम ठेवण्यासाठी अवश्य करावा. विसर्जनासाठी मात्र शाडूच. ही मूर्ती पाण्यात विरघळत नाही. उरलेली माती मेणकागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. पण थर्मोकोलच्या ताटलीत किंवा चहाच्या ठिसूळ प्लॅस्टिकच्या पेल्यात नको, कारण तिच्यातले तेलकट द्रव्य त्या प्लॅस्टिकलाच खाते.