बोंडअळीने शिकवलेला धडा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उत्क्रांती म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना एक चित्र आठवते. एकामागे एक चालणारी माकडे आणि शेवटी ताठ उभा राहिलेला माणूस. परभणी जिल्ह्यात विज्ञान शिकवताना मीही तेच चित्र फळ्यावर काढत असे. प्रश्नोत्तरे लिहून दिली की धडा संपला. पण उत्क्रांती आमच्याच कापसाच्या शेतात चालू आहे, हे कळायला मला फार उशीर लागला.

चार्ल्स डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे सार सोपे आहे. एकाच जातीचे सगळे जीव सारखे नसतात. त्यांच्यातले काही फरक पुढच्या पिढीत उतरतात. ज्या फरकामुळे भोवतालच्या परिस्थितीत तग धरता येतो, तो असलेल्यांची संख्या वाढत जाते. पुष्कळांनी याचा अर्थ 'बळी तो कान पिळी' असा लावला. काहींनी तर त्याच्या आधारे माणसांचे वंश श्रेष्ठ-हीन ठरवले. हिटलरच्या जर्मनीत त्याचे काय झाले, ते आपण जाणतोच. वास्तविक या सिद्धान्तात जन्मजात श्रेष्ठ कोणीच नाही. परिस्थिती बदलली की कालचा उपयोगी गुण आज निरुपयोगी ठरतो.

आता कापसाकडे येऊ. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार होऊ लागले. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या आणि शेतकरी निर्धास्त झाला.

त्या काळी ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचे एक लहान पाकीट मिळायचे. त्यात बीटी नसलेले साधे बियाणे असे. ते शेताच्या कडेने किमान पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढे लावावे, असा नियम होता. आम्हाला वाटे, अळीला आयते जेवण कशाला वाढायचे? घरच्या शेतात आम्ही ते पाकीट बांधावर फेकून देत असू. पाकीट फेकणारा मी आणि वर्गात डार्विन शिकवणाराही मीच!

या साध्या ओळी कशासाठी होत्या? असंख्य अळ्यांत एखादी अशी निघते, की तिला ते विष बाधत नाही. सगळीकडे बीटीच असले तर बाकीच्या मरतात. उरलेल्यांचे पतंग आपसांतच जुळतात आणि पुढची पिढी तशीच निपजते. कडेला साधा कापूस असेल, तर तिथे साध्या अळ्या वाढतात. त्यांचे पतंग या मोजक्या पतंगांशी जुळले, तर त्यांची पिल्ले बहुधा विषाने मरतात. म्हणजे ते पाकीट आपल्या बियाण्याचा विमा होता. त्यात आपण पाणी देऊन फरदड राखली आणि कापसावरच जगणाऱ्या शेंदरी बोंडअळीची पुढच्या हंगामापर्यंतची सोय करून दिली.

पहिल्या जनुकाला ही अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झाले. पुढे दुसराही निष्प्रभ ठरला. २०१७ च्या खरिपात मराठवाड्यात आणि विदर्भात हाहाकार उडाला. बोंड बाहेरून चांगले, फोडले तर आत अळी आणि कवडी झालेला कापूस. कितीतरी जणांनी उभ्या पिकावर नांगर फिरवला.

शेतकरी भरपाईची वाट पाहत असताना, जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले, असा त्यांचा प्रश्न होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी पत्रक काढून त्याला उत्तर दिले. आमच्या शेतकऱ्याने मात्र अवघ्या पंधरा वर्षांत अळी बदललेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

त्याच २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथे आधी साध्या कापसाचे क्षेत्र राखले गेले आणि पुढे वांझ केलेले पतंगही सोडले गेले.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा मला ते १२० ग्रॅमचे पाकीट आठवले. तेही आम्हाला असेच बिनकामाचे वाटले होते. म्हणून एवढेच सांगतो. डिसेंबरअखेर कापूस काढा, फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या रचून ठेवू नका. आणि घरातल्या मुलांना त्यामागचे कारणही सांगा. मी वर्गात ते सांगायला हवे होते.